क्लीटचे शूज: रोडचे की माउंटनचे?

‘रोड बाईक आहे ना, मग शूज आणि पेडलही रोडचेच घ्या.’ सकाळी परभणीहून पाथरी किंवा जिंतूर रस्त्याला सायकल काढणाऱ्या नवख्याला हा सल्ला हमखास मिळतो. सायकलीला मात्र त्याचं काही देणंघेणं नसतं. गिअरच्या जवळपास सगळ्या सायकलींच्या क्रँकला पेडलचे आटे एकाच मापाचे असतात, ९/१६ इंच. माउंटन बाईकचं पेडल रोड बाईकला बिनबोभाट बसतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात एवढं मात्र ध्यानात ठेवावं, नाहीतर जोर लावून क्रँकच खराब व्हायची.

खरा फरक आहे तो क्लीटमध्ये, म्हणजे बुटाच्या तळाला लावून पेडलमध्ये अडकवायच्या तुकड्यात. रोडची क्लीट मोठी, त्रिकोणी, प्लास्टिकची. तीन स्क्रूंवर बसते आणि सोलच्या बाहेर उठून राहते. स्कीचे बूट अडकवायचं सामान बनवणाऱ्या ‘लूक’ या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये असं पेडल बाजारात आणलं, आणि पुढच्याच वर्षी सायकलपटू बर्नार इनोने ते वापरून ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत जिंकली. माउंटनची क्लीट लहानशी, पोलादी, दोन स्क्रूंची आणि रबरी सोलच्या खाचेत दडलेली. शिमानो कंपनीने ती १९९० मध्ये ‘एसपीडी’ नावाने आणली. डोंगरात सायकलवरून उतरून चालावं लागतं, म्हणून ही सोय.

चालावं तर आपल्यालाही लागतंच. हौशी सायकलस्वार चहाला थांबतो, चारठाण्याची जुनी मंदिरं बघतो, नेमगिरीची टेकडी चढतो, गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर उतरतो. रोडच्या क्लीटवर चवडा वर आणि टाच खाली अशी बदकचाल होते, आणि हॉटेलातल्या ओल्या शहाबादी फरशीवर पाय कधी सटकेल याचा नेम नाही. त्यात खडीवर चाललं की प्लास्टिक झिजतं. झिजलेली क्लीट पेडलमध्ये नीट धरत नाही, मग नवी घ्या. ‘ब्रेव्हे’ म्हणतात तशी, २०० किलोमीटरची आणि साडेतेरा तासांची मुदत असलेली लांब पल्ल्याची राईड असली, तरी वाटेत उतरणं चुकत नाही.

याच्या उलट टोकाचा समज म्हणजे, ‘माउंटनचे शूज चिखलाला दाद देत नाहीत.’ हे बोलणाऱ्याने परभणीची काळी माती पावसाळ्यात तुडवलेली नसावी. या मातीत चिकणमातीचा अंश भरपूर, तोही पाणी पिऊन फुगणारा. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते आणि मृगाचा पाऊस झाला की पावलागणिक पायाला एकेक थर चढवते. एसपीडीच्या खाचेतही ती ठासून बसते, क्लीट पेडलमध्ये शिरतच नाही. फरक इतकाच की माउंटनचं पेडल उघडं असतं आणि बहुधा दोन्ही बाजूंनी वापरता येतं, त्यामुळे एखादी तुराटी घेऊन खाच कोरली की काम भागतं. रोडच्या क्लीटमध्ये माती गेली तर बाटलीतलं पाणी ओतूनही नीट निघेल याची खात्री नाही. खरा उपाय एकच: पावसाळ्यात पांदणीच्या वाटेला जाऊच नये. गेलातच तर साधी सपाट पेडल आणि जुने बूट बरे.

‘क्लीट लावली की पाय वर ओढूनही ताकद मिळते, वेग वाढतो.’ दुकानदाराचं हे आवडतं वाक्य. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकलपटूंना मुद्दाम पाय वर ओढायला सांगितलं, तेव्हा तेवढ्याच कामाला त्यांची जास्त ऊर्जा खर्ची पडली. संथ लयीच्या राईडमध्ये जोर येतो तो खाली दाबण्यातूनच. क्लीटचा फायदा वेगळा आहे. खडबडीत रस्त्यावर पाय पेडलवरून उडत नाही आणि चवडा दर वेळी त्याच जागी पडतो. मात्र ती जागा चुकली तर गुडघा बोलू लागतो. म्हणून क्लीट चवड्याच्या फुगीर भागाखाली बसवावी आणि टाचेला थोडं हलायला वाव ठेवावा. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळीला ६ अंश वाव असतो, लाल क्लीटला शून्य. नवख्याने लाल घेऊ नये.

सर्वांत घट्ट, सर्वांत कडक सोलचा बूट उत्तम, हाही भ्रमच. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, पाय सुजतात आणि घट्ट बुटात बोटं बधिर होतात. बूट संध्याकाळी घालून बघावा. एसपीडी क्लीट बसणाऱ्या सँडलही मिळतात, आणि आपल्या हवेत त्या अगदी शहाणपणाच्या आहेत.

उरली पडायची भीती. ती खोटी नाही, पण पेडलमधून पाय वर ओढून सुटत नाही, टाच बाहेर वळवली की सुटतो, एवढं अंगवळणी पडलं की निम्मं काम झालं. पेडलवरच्या लहान स्क्रूने पकड सैल करता येते. सुरुवातीला ती अगदी सैल ठेवावी आणि भिंतीला टेकून दोन्ही पाय घालण्या-काढण्याचा सराव करावा. वाहतूक उजवीकडून जाते, म्हणून थांबताना डावा पाय आधी मोकळा करायचा, आणि तोही ब्रेक दाबण्याच्या आधी.