नदीपाण्याचे समन्यायी वाटप : शहाडच्या पाण्याचा मागोवा

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला
• आंतरराज्य पाणीतंट्याची घटनात्मक चौकट सांगता येईल.
• ‘समान वाटप’ आणि ‘समन्यायी वाटप’ यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• कृष्णा लवादाच्या निवाड्याचा आपल्या परिसरातील पाण्याशी असलेला संबंध उलगडून दाखवता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने निघालात, तर पहिले स्थानक शहाडचे लागते. येथे उल्हास नदीतून पाणी उपसले जाते, भिवंडीजवळील टेमघर येथे ते शुद्ध केले जाते आणि ठाणे, भिवंडी-निजामपूर व मीरा-भाईंदर या महापालिकांना पुरवले जाते. उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर उगम पावते, कर्जत-बदलापूरवरून कल्याणला येते आणि पुढे अरबी समुद्रास मिळते. तिचा सर्व प्रवास महाराष्ट्रातच होतो. मग राज्याराज्यांतील पाणीतंट्याशी शहाडचा संबंध काय, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. तो संबंध समजून घेण्यासाठी आपल्याला सह्याद्रीच्या पलीकडे जावे लागेल.

२. सह्याद्री ओलांडणारे पाणी

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात आंध्रा नावाची नदी आहे. (आंध्र प्रदेश या राज्याशी तिच्या नावाची गल्लत करू नका.) ही नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे आंध्रेचे पाणी निसर्गतः पूर्वेकडे वाहत बंगालच्या उपसागराला मिळावयाचे. परंतु या नदीवर ठोकरवाडी येथे धरण बांधण्यात आले आणि १९२२ मध्ये टाटांचे भिवपुरी येथील जलविद्युत केंद्र सुरू झाले. धरणातील पाणी डोंगरातून पश्चिमेकडे वळवून कोकणात खाली सोडले जाते व त्या उंचीच्या बळावर वीज निर्माण होते. मुंबई परिसराची विजेची गरज भागवणे हा या योजनेचा हेतू होता.

वीज निर्माण झाल्यावर बाहेर पडणाऱ्या पाण्याला ‘अवजल’ म्हणतात. भिवपुरीचे अवजल उल्हास नदीत येते. पावसाळ्यात दुथडी वाहणारी उल्हास उन्हाळ्यात रोडावते. त्या दिवसांत शहाडपर्यंत येणाऱ्या प्रवाहात या अवजलाचा आणि बारवी धरणातून सोडलेल्या पाण्याचा मोठा आधार असतो.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्या. सामान्यतः जलविद्युत केंद्र पाणी ‘वापरते’, पण ‘संपवत’ नाही. ते पुन्हा त्याच नदीत सोडले जाते व खालच्या शेतकऱ्याला मिळते. भिवपुरीत मात्र पाणी एका खोऱ्यातून उचलून दुसऱ्या खोऱ्यात सोडले जाते. कृष्णा खोऱ्याच्या दृष्टीने ते पाणी कायमचे गेलेले असते. म्हणूनच हा विषय लवादापुढे आला.

३. घटनात्मक चौकट

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार ‘पाणी’ हा राज्यसूचीतील विषय आहे. परंतु आंतरराज्य नद्यांचे नियमन व विकास यांबाबतचा अधिकार केंद्रसूचीत आहे. अनुच्छेद २६२ अन्वये अशा नद्यांच्या तंट्यांसाठी संसदेला कायदा करता येतो. त्यानुसार १९५६ मध्ये आंतरराज्य नदी पाणीतंटा अधिनियम झाला आणि त्याखाली १० एप्रिल १९६९ रोजी न्यायमूर्ती आर. एस. बचावत यांच्या अध्यक्षतेखाली पहिला कृष्णा लवाद नेमण्यात आला.

अशा तंट्यांत दोन टोकाच्या भूमिका मांडल्या जाऊ शकतात. ‘आमच्या भूमीवर पडलेले पाणी सर्वस्वी आमचे’, ही वरच्या राज्याची भूमिका. ‘नदीचा प्रवाह आमच्यापर्यंत न घटता आला पाहिजे’, ही खालच्या राज्याची. पहिली मान्य केली तर खालचे राज्य कोरडे पडेल; दुसरी मान्य केली तर वरच्या राज्याला एकही बंधारा बांधता येणार नाही. यांतून निघालेला मध्यम मार्ग म्हणजे समन्यायी वाटप. यात सर्वांना सारखे पाणी देण्याऐवजी प्रत्येकाची गरज, पूर्वापार वापर, लोकसंख्या, पाऊसमान आणि अन्य पर्यायांची उपलब्धता यांचा एकत्र विचार केला जातो.

४. बचावत लवादाचा निवाडा

लवादाने १९७३ मध्ये अहवाल दिला आणि १९७६ मध्ये पुढील अहवालाने तो पूर्ण केला. कृष्णेतील ७५ टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे शंभरपैकी किमान ७५ वर्षे हमखास मिळेल असे पाणी २०६० टीएमसी धरण्यात आले. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट.) त्याची वाटणी अशी झाली : महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७०० आणि तत्कालीन आंध्र प्रदेश ८०० टीएमसी. परतीच्या पाण्याचा हिशेब याहून वेगळा होता.

पश्चिमेकडे वळवल्या जाणाऱ्या पाण्याबाबत लवादाने पूर्वापार चालत आलेला वापर मोडला नाही, पण त्याला कुंपण घातले. उर्ध्व भीमा उपखोऱ्यातून टाटांच्या जलविद्युत योजनांसाठी कोणत्याही एका वर्षात ५४.५ टीएमसीहून अधिक आणि सलग पाच वर्षांत एकूण २१२ टीएमसीहून अधिक पाणी खोऱ्याबाहेर नेता येणार नाही, असे ठरले. या मर्यादेत भिवपुरीबरोबर खोपोली व भिरा येथील योजनाही येतात.

दोन मर्यादा कशासाठी? गणित करून पाहा. दरवर्षी ५४.५ टीएमसी वळवले, तर पाच वर्षांत २७२.५ टीएमसी होतील. पण मुभा २१२ टीएमसीचीच आहे. म्हणजे सरासरी वर्षाला ४२.४ टीएमसी. चांगल्या पावसाच्या वर्षी थोडे अधिक घ्यावे, पण ती सवय होऊ नये, असा या दुहेरी अटीचा अर्थ आहे.

५. तंटा मिटला की घरात आला?

निवाड्यातील एका बाबीकडे सहसा लक्ष जात नाही. वळवलेले हे पाणी महाराष्ट्राच्या वाट्यातूनच वजा होते. त्यामुळे शहाडला पोहोचणारा आंध्रेचा प्रत्येक थेंब हिशेबाने कर्नाटकाचा वा आंध्र प्रदेशाचा नसतो; तो महाराष्ट्रातीलच भीमा खोऱ्याच्या वाट्याचा असतो. राज्याराज्यांतील प्रश्नाला उत्तर मिळाले, पण त्याच उत्तराने सोलापूरचा दुष्काळी पट्टा आणि ठाणे जिल्ह्यातील शहरे यांना समोरासमोर उभे केले. हे पाणी पुन्हा भीमा खोऱ्याकडे द्यावे, ही मागणी त्यामुळेच वेळोवेळी पुढे येते.

दोन्ही बाजू नीट तपासून पाहा. भीमा खोऱ्यातील शेतकरी म्हणेल, ‘वीज अन्य मार्गांनीही निर्माण करता येते, पाणी निर्माण करता येत नाही.’ हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण १९२२ मध्ये केवळ विजेसाठी वळवलेले पाणी आज पिण्याचेही पाणी झाले आहे. वीज केंद्राला पर्याय सापडला, तरी अवजलावर वसलेल्या शहरांना तो आपोआप सापडत नाही. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम द्यावा, हे राष्ट्रीय जलनीतीचे तत्त्वही त्यांच्या बाजूने उभे राहते. मात्र अग्रक्रम गरजेला आहे, उधळपट्टीला नाही. गळक्या जलवाहिन्यांतून वाया जाणारे आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करून भागेल अशा कामांसाठी वापरले जाणारे शुद्ध पाणी या अग्रक्रमात बसत नाही. दुसऱ्याच्या खोऱ्यातील पाणी पिणाऱ्या शहरावर काटकसरीचे दायित्व अधिक असते.

या हिशेबात आणखी एक वाटेकरी आहे : धरणाखाली ज्यांची जमीन गेली तो. टाटांच्याच मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. टीएमसीच्या कोष्टकात अशा माणसांसाठी रकाना नसतो. समन्यायाच्या विचारात मात्र तो असावाच लागतो.

६. सारांश

लवाद राज्यांचे वाटे ठरवतो. त्या वाट्याच्या आत न्याय करण्याची जबाबदारी राज्याची आणि वापरणाऱ्या नागरिकांची असते. समन्यायी वाटप एकदा ठरवून संपत नाही, कारण पाण्याचा उपयोग बदलतो तसे हक्कांचे स्वरूपही बदलते. आपल्या नळाचे पाणी कोणत्या खोऱ्यातून येते हे जाणून घेणे, ही या न्यायाची पहिली पायरी आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. खोऱ्यातील जलविद्युत योजना आणि खोऱ्याबाहेर पाणी वळवणारी योजना यांतील फरक सांगा.
२. पाच वर्षांच्या एकत्रित मर्यादेमुळे काय साधते, ते उदाहरणाने स्पष्ट करा.
३. तुमच्या घरी येणाऱ्या पाण्याचा नदीपासून नळापर्यंतचा मार्ग शोधा आणि त्यावर आणखी कोणाकोणाचा हक्क पोहोचतो, याविषयी दहा-बारा ओळी लिहा.