शून्य मृत्यूंची भाषा

सरकार सरळ खोटे क्वचितच बोलते. धादांत खोटे पकडता येते. म्हणून कसलेली सत्ता व्याख्येच्या आडोशाला उभी राहून बोलते. ही लबाडी आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे.

२८ जुलै २०२१ रोजी राज्यसभेत केंद्रीय सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी लेखी उत्तर दिले : हाताने मैला साफ करण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. पँथरच्या चळवळीतून आलेल्या मंत्र्याच्या नावावर हे उत्तर असावे, याचे दुःख वेगळेच. त्याच वर्षी फेब्रुवारीत हेच खाते लोकसभेत सांगून चुकले होते की, गटारे व सेप्टिक टँक साफ करताना पाच वर्षांत ३४० माणसे मेली. दोन्ही उत्तरे कागदोपत्री खरी! २०१३ च्या कायद्यात 'हाताने मैला साफ करणारा' ही एक व्याख्या, आणि गटार-टाकीतली 'धोकादायक सफाई' ही दुसरी. प्रेत दुसऱ्या रकान्यात ढकलले की पहिला रकाना कोरा. लोकांच्या कानावर जाते ते फक्त शून्य.

शिवाय 'नोंद नाही' हे शब्द पाहा. नोंद करायची कुणी? वाक्याला कर्ताच नाही, मग दोष कुणाला द्यायचा?

मी वारंगा फाट्याचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतलेली नाही. शिक्क्याच्या कागदाचा धाक मी जवळून पाहिला आहे. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा शिवारात सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर मेले. १९९९ पर्यंत आम्हीही त्याच जिल्ह्यात होतो. ती बातमी आणि ही दोन उत्तरे मी वर्गात शेजारी ठेवतो व विचारतो, ही पाच माणसे कोणत्या रकान्यात बसवाल? मुले गप्प होतात, मग चिडतात.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. गटारातल्या मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपये भरपाई ठरवली, २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती ३० लाख केली. पोलिसांनी 'अकस्मात मृत्यू' एवढेच लिहिले, तर त्या पैशासाठी विधवेला उंबरठे झिजवावे लागतात. तेव्हा पंचनाम्याला आपला माणूस हजर हवा, फिर्यादीत २०१३ च्या कायद्याचे नाव हवे, आणि माहिती अधिकाराच्या अर्जात 'हाताने मैला' न लिहिता 'गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरून' असे लिहावे.