जनरेटर आहे, तरी दुकान अंधारात का? एटीएस अडला तर काय तपासायचं



मागच्या मे महिन्यातली गोष्ट. मी बुलढाण्याला ट्रेनिंग घेत होतो आणि चिखलीच्या दुकानातून मुलाचा फोन आला. "दादा, लाईट गेली अन् जनरेटर सुरूच नाही होऊन राहिला." तीन डीप फ्रीझर, सगळे आईस्क्रीमने भरलेले. लाईट चार तासांनी आली. मधल्या वेळात मुलगा घाबरून दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघत होता, त्यामुळे थंडी आणखी लवकर गेली. १४,००० रुपयांचा माल वाया गेला. कारण काय निघालं? बॅटरी चार्जरचा उडालेला फ्यूज. किंमत दहा रुपये.

म्हणून आजचा विषय. व्हिडिओत पॅनल दाखवलंय, इथे तपासायचा क्रम लिहून देतो. प्रिंट काढून पॅनलशेजारी चिकटवा.

आधी समजून घ्या: एटीएस करतो काय?

एटीएस म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विच. आपल्याकडे त्याला ऑटो चेंजओव्हर किंवा एएमएफ पॅनल म्हणतात. त्यातला कंट्रोलर म्हणजे डोकं. तो महावितरणच्या लाईटवर सतत नजर ठेवतो. लाईट गेली की थोडं थांबतो, जनरेटरला स्टार्टर मारतो, व्होल्टेज आणि ५० हर्ट्झ स्थिर झाले की लोड जनरेटरवर टाकतो. लाईट परत आली की पुन्हा थांबून लोड मागे आणतो आणि जनरेटर थोडा वेळ रिकामा चालवून बंद करतो. साखळी आहे ही. कुठली कडी तुटली, एवढंच शोधायचं.

पायरी १: स्क्रीन वाचा, लगेच रीसेट मारू नका

अलार्म काय दाखवतोय त्याचा मोबाईलवर फोटो काढा. रीसेट केलं की पुरावा गेला. मग दोन साध्या गोष्टी बघा. मोड 'ऑटो'वरच आहे ना? इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण दाबलेलं तर नाही? साफसफाई करताना कोणाचा तरी हात लागतो आणि आपण मेकॅनिकची वाट बघत बसतो.

पायरी २: जनरेटर सुरूच होत नाही

बहुतेक कंट्रोलर ठरावीक वेळा, साधारण तीनदा स्टार्टर मारतात आणि मग लॉक होतात. अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर. १२ व्होल्टची चांगली चार्ज असलेली बॅटरी नुसती असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली गेली, तर ती थकली आहे किंवा जोडणी सैल आहे. टर्मिनलवर पांढरा थर आहे का बघा. चार्जर चालू आहे का बघा. कंट्रोलर स्वतः दिवसरात्र थोडा करंट खातो, त्यामुळे चार्जर बंद पडला की बॅटरी हळूहळू बसते आणि लाईट जाईपर्यंत कोणाला कळतसुद्धा नाही. माझं नेमकं हेच झालं होतं. आणि हो, डिझेल बघा. हसू नका!

पायरी ३: जनरेटर चालतोय, पण दुकानात लाईट नाही

आधी जनरेटरवरचा ब्रेकर चालू आहे का बघा. मग स्क्रीनवर जनरेटरचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी. ते ठरवलेल्या मर्यादेत नसेल तर कंट्रोलर मुद्दाम लोड देत नाही. तो तुमचे कॉम्प्रेसर वाचवतोय. सगळं बरोबर दिसूनही लोड येत नसेल, तर कॉन्टॅक्टर, त्याची कॉइल किंवा इंटरलॉक तपासावा लागेल. इथे आपण थांबायचं. पॅनल उघडणं हे परवानाधारक वायरमनचं काम.

पायरी ४: लाईट असूनही जनरेटर सारखा सुरू होतो

गावाकडे हे फार. थ्री फेज असेल तर एखादा फेज गेलेला असतो, नाहीतर व्होल्टेज सेटिंगच्या खाली घसरलेलं असतं. काही जण मर्यादा १५० व्होल्टवर आणून मोकळे होतात. डिझेल वाचतं, पण कॉम्प्रेसर जळतो. १९१२ वर तक्रार करा आणि फ्रीझरला चांगला स्टॅबिलायझर लावा. लाईट आल्यावर लोड लगेच परत येत नसेल तर तो बिघाड समजू नका. तो टायमर आहे.

हे कधीच करू नका

त्या दिवशी शेजारच्यांनी सुचवलं होतं, दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर घे आणि दुसरा जनरेटर सरळ सॉकेटला जोड. मी फोनवरच नाही म्हणालो. कारण तुमची वीज उलटी लाईनमध्ये गेली, तर डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर तिचे ११,००० व्होल्ट करतो. लाईन बंद आहे समजून खांबावर चढलेला लाईनमन कोणाचा तरी बाप असतो. इंटरलॉक त्याच्यासाठी आहे. काडीने कॉन्टॅक्टर दाबणं, इंटरलॉक काढणं, हे जुगाड नाहीत, गुन्हा आहे. माल परत भरता येतो.

आता धंद्याचं बोलू

नवीन पॅनल घेताना फक्त किंमत विचारू नका. वायरिंग डायग्राम, सेटिंगची यादी आणि अलार्मचे अर्थ लिहून मागा. बिघाड झाला तर माणूस किती तासांत येईल, हे बिलावर लिहून घ्या. आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी, गिऱ्हाईक कमी असताना, मेन स्विच बंद करून पूर्ण साखळी लोडसकट दहा मिनिटं चालवा. बॅटरीचं व्होल्टेज, डिझेल आणि तारीख वहीत लिहा. सही दुकानातल्या मुलाची घ्या, म्हणजे त्यालाही पॅनल कळेल.

माझ्या दुकानात आता दर मंगळवारी सकाळी ही टेस्ट होते. नोंद तोच मुलगा ठेवतो. गेल्या महिन्यात त्यानेच फोन केला, "दादा, बॅटरी ११.९ दाखवते." लाईट जायच्या आधी!

तुमच्या पॅनलची शेवटची टेस्ट कधी झाली? आठवत नसेल, तर उद्याच करा.