मकई दरवाज्यातून विद्यापीठाकडे

मी विद्यापीठात नाव घातलं तेव्हा माझं गाव औरंगाबाद जिल्ह्यात होतं. एम.ए.चा निकाल लागला तोवर ते जालना जिल्ह्यात गेलं होतं. १ मे १९८१ ला जालना वेगळा जिल्हा झाला. गाव मात्र बदनापूरजवळ जिथल्या तिथेच राहिलं. आजही आमच्या जिल्ह्यातली पोरं शिकायला औरंगाबादलाच जातात. त्या शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. मी राहत होते तेव्हाच्या गोष्टी सांगताना तोंडात औरंगाबादच येतं.

१९७९ च्या जूनमध्ये आण्णा आणि मी सकाळच्या पॅसेंजरने स्टेशनावर उतरलो. तेव्हा गाडी मीटरगेजची होती. रिक्षाचे पैसे वाचवायचे म्हणून आण्णांनी ट्रंक खांद्यावर घेतली. पदमपुरा, मिल कॉर्नर, भडकल दरवाजा करत आम्ही मकई दरवाज्याशी पोचलो आणि आण्णा कमानीच्या सावलीत टेकले. बाहेर ऊन तापलेलं, पण कमानीखालचा दगड हाताला गार लागत होता. दरवाज्यापुढे खाम नदीवरचा पूल, पुलापलीकडे बेगमपुरा आणि त्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी विद्यापीठ. आण्णा म्हणाले, "एवढंच आहे का? मग रोज पायीच जात जा."

दोन वर्षं मी पायीच गेले.

हे शहर मुळात चालणाऱ्या माणसाच्या मापाने वसलेलं आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी हे गाव राजधानी म्हणून उभं केलं. १६५३ मध्ये औरंगजेबाने त्याला स्वतःचं नाव दिलं आणि १६८२ च्या सुमाराला भोवती तटबंदी घातली. मोगलांच्या राजपूत सरदारांच्या छावण्या पडल्या त्यांचे पुरे झाले: जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा, भावसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा. प्रत्येक पुऱ्याला आपला बाजार, आपली विहीर, आपलं देऊळ किंवा मशीद. त्यामुळे एका पुऱ्यातून दुसऱ्यात जायला घोडा लागत नसे. विद्यापीठाने पुढे याच पुऱ्यांच्या शेजारी जागा घेतली आणि राजपूत सरदारांची नावं असलेल्या गल्ल्यांत मराठवाड्याच्या पोरापोरींच्या खोल्या झाल्या.

इटलीतल्या बोलोन्याची गोष्ट मी पुढे वर्गात शिकवत असे. तिथल्या जुन्या विद्यापीठासाठी लांबून विद्यार्थी येत. त्यांना ठेवायला घरमालकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांबांवर सावलीचे ओटे झाले. १२८८ मध्ये असे ओटे ठेवायचा कायदाच झाला. बेगमपुऱ्यात कायदा नव्हता, पण आमच्या खालांनीही गच्चीवर पत्र्याच्या दोन खोल्या चढवल्या होत्या. आम्ही घरमालकिणीला खालाच म्हणायचो. त्यांचा नियम एकच: "बेटी, मगरिब के पहले घर." अजान ऐकू आली की ग्रंथालयातून आम्ही खोलीतल्या तिघी झपाझप निघायचो.

तिघींतली एक भोकरदनकडची. दुसरी मिलिंद महाविद्यालयातून बी.ए. करून आलेली. आमचं विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं. त्याआधी मराठवाड्याला पदवी उस्मानिया विद्यापीठाची घ्यावी लागे. आणि विद्यापीठाच्याही आठ वर्षं आधी, १९५० मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांनी इथे महाविद्यालय काढलं होतं. तेच मिलिंद, आणि त्याचा परिसर नागसेनवन. माझी ती मिलिंदची मैत्रीण मला तिथे घेऊन गेली ती पायीच, बेगमपुऱ्याच्या गल्लीतून. वाटेत तिने पहिल्यांदा सांगितलं की आदल्या वर्षी, विधिमंडळाने जुलैमध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव केल्यावर, तिच्या वस्तीतली घरं जाळली होती. खोलीत ती हे कधी बोलली नव्हती. शेजारी शेजारी चालताना, डोळ्यांत डोळे न घालता, सांगता आलं. मला आजही वाटतं, बसमध्ये असतो तर ती बोलली नसती. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. त्या तारखेला विद्यापीठाच्या दरवाज्याशी दरवर्षी लोक लोटतात. गेली काही वर्षं मीही जाते.

परीक्षेच्या दिवसांत आमचा मुक्काम पाणचक्कीत. तिथे बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणलंय. ते एका उंच भिंतीत चढतं आणि वरून पडद्यासारखं हौदात कोसळतं. त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी पीठ निघायचं. हौदाचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचं छत. एप्रिलच्या दुपारी बाहेर पाय भाजायचे आणि हौदाकाठी तुषार अंगावर यायचे. शिकणाऱ्यांच्या पोटाची सोय त्या काळी दळणापर्यंत जाऊन कुणीतरी पाहिली होती, हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आमचं जालनाही चालण्याजोगं आहे, खरं तर. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. सदर बाजार, गांधी चमन, मामा चौक, सगळं पायाखालचं. १९५८ मध्ये जे.ई.एस. महाविद्यालय निघालं आणि गावातली मुलं घरून चालत शिकू लागली. आता मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची शाखा २०१८ पासून जालन्यात आहे, ती शहराबाहेर. शिक्षण आलं याचा मनापासून आनंद आहे. पण तिथल्या मुलांना सदर बाजारातला भेळवाला भेटत नाही आणि भेळवाल्याला ती मुलं, हे मला खुपतं.

गेल्या हिवाळ्यात भाचीला सोडायला गेले. तिची खोलीही बेगमपुऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर. मी हट्टाने चालत निघाले. मकई दरवाज्याच्या कमानीत दोन दुचाक्या समोरासमोर आल्या आणि आम्ही भिंतीला चिकटून उभ्या राहिलो. दगड तसाच गार. पुढच्या रस्त्याला पदपथ नव्हता. जिथे होता तिथे गाड्या उभ्या होत्या. भाची म्हणाली, "मावशी, इथून सगळे रिक्षाच करतात." शेअर रिक्षाचे पैसे महिनाभर दोन वेळा मोजले तर मेसच्या बिलाला धक्का लागतो, हे तिनेच हिशोब करून सांगितलं.

आम्ही तरी चाललो. खोलीपासून ग्रंथालय तिच्या मोबाइलवर चोवीस मिनिटं निघालं. आम्हाला वीस लागायची. चार मिनिटं एकच रस्ता ओलांडायला गेली.