गुळाचे वेष्टन व नामपट्टी : किरकोळ विक्रीसाठी काही सूचना

गुऱ्हाळातून निघालेली ढेप बाजार समितीत जाते तेव्हा तिची पारख अडते व व्यापारी करतात. रंग, कण व चव पाहून ते भाव ठरवितात. तोच गूळ एक किलोच्या पुडीतून शहरातील दुकानात गेला, की पारख करणारा बदलतो. ग्राहकास पुडी फोडून पाहता येत नाही व उत्पादक तेथे हजर नसतो. त्याच्या वतीने वेष्टनालाच बोलावे लागते.

वेष्टन कसे असावे ?

गूळ हवेतील ओलावा ओढून घेतो. पावसाळ्यात त्यास पाणी सुटते व बुरशी येते. म्हणून ओलावा रोखणारी, खाद्यपदार्थांस योग्य अशी जाड पिशवी वापरून तिचे तोंड उष्णतेने पक्के बंद करावे. गूळ पूर्णपणे थंड झाल्यावाचून पुडी भरू नये. अन्यथा वाफ आत कोंडून तिचे पाणी होते. पिशवीचा थोडा भाग पारदर्शक ठेवावा, म्हणजे गुळाचा रंग ग्राहकास दिसेल.

नामपट्टी

दर्शनी बाजूस वस्तूचे नाव, उत्पादकाचे नाव व निव्वळ वजन एवढेच ठळक असावे. गूळ तपकिरी असल्याने लाल वा तपकिरी अक्षरे त्यावर बुडून जातात. पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या पट्टीवर गडद अक्षरे छापावीत. पट्टी छापण्यापूर्वी भिंतीस लावून चार हातांवरून वाचून पाहावी. एकच सोपे चिन्ह निवडून ते दरवर्षी कायम ठेवावे. ज्यास वाचता येत नाही, तो ग्राहकही त्या चिन्हावरून आपला गूळ ओळखतो.

उत्पादकाचा पत्ता, भरल्याची तारीख, वापराची मुदत, गट क्रमांक, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क व अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक हा मजकूर दुसऱ्या बाजूस द्यावा; शाकाहाराचे हिरवे चिन्ह मात्र दर्शनी बाजूस वस्तूच्या नावाजवळ असावे. छपाईपूर्वी वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ व अन्नपदार्थांच्या नामपट्टीचे नियम यांशी तो ताडून घ्यावा.

कोल्हापूरच्या गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेल्यानेच वापरावे. ‘सेंद्रिय’ हा शब्दही प्रमाणपत्र हाती आल्यावरच छापावा. हायड्रॉस न वापरलेला गूळ बहुधा गडद दिसतो. त्याचे कारण पट्टीवर एका ओळीत सांगितल्यास ग्राहक त्यास हलका समजणार नाही.

खर्चाचा मेळ

समजा, ढेपेचा भाव किलोस ४५ रुपये आहे. पिशवी, पट्टी, मजुरी व वाहतूक मिळून पुडीस १४ रुपये लागले, म्हणजे पुडी ५९ रुपयांस पडली. छापील किंमत ८० रुपये ठेवून दुकानदारास १६ रुपये दिल्यास उत्पादकाच्या हाती ६४ रुपये येतात. दहा पुड्यांवर हा लाभ ५० रुपयांचा होय. परंतु त्यांतील एकच पुडी पाणी सुटून परत आली, तर नऊ पुड्यांचे ५७६ रुपये येतात व खर्च मात्र ५९० रुपयेच राहतो. ढेप विकली असती तर बरे, अशी पाळी येते.

यास्तव ग्रामसेवक व कृषि सहाय्यकांनी गुऱ्हाळचालकांस प्रथम थोड्याच पुड्या भरावयास सांगाव्यात. त्यांतील काही पावसाळ्यात महिनाभर घरीच ठेवून पाहाव्यात. त्या कोरड्या राहिल्या तरच पट्ट्यांची मोठी छपाई करावी.