गंधर्वभक्तांतील अप्रिय मते

शक्ती-तुऱ्याचा सामना ज्यांनी रात्र जागून ऐकला आहे, त्यांना रसिकांत पक्ष कसे पडतात हे सांगावयास नको. शक्तीवाले एकीकडे, तुरेवाले दुसरीकडे. एकाने सवाल टाकावा, दुसऱ्याने जबाब द्यावा. हा वाद सोपा. प्रतिपक्ष समोर असतो आणि आपली माणसे पाठीशी असतात. आज आम्ही ज्या वादाविषयी लिहिणार आहोत तो याहून अवघड आहे. एकाच कलावंतावर जीव टाकणाऱ्यांच्या मेळ्यातून एखादा उठतो आणि बाकीच्या सर्वांस न रुचणारे मत मांडतो. तो दुसऱ्या पक्षाचा नसतो, निंदकही नसतो. मग त्याच्या मताचे काय करावे?

या प्रश्नासाठी नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (1888–1967), यांच्याइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण. 1905 मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. 1913 मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘मानापमान’ मधील भामिनी, ‘स्वयंवर’ मधील रुक्मिणी, ‘एकच प्याला’ मधील सिंधू या त्यांच्या भूमिकांनी दोन पिढ्या वेडावून गेल्या. त्यांना नावे ठेवणारेही होतेच. केशवराव भोसल्यांच्या तेजस्वी गळ्यावर लुब्ध झालेला, किंवा पुढे दीनानाथ मंगेशकरांच्या आक्रमक ताना ऐकून आलेला श्रोता बालगंधर्वांना मवाळ म्हणे. पण 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाला, केशवराव धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी झाले, आणि दोन्ही पक्ष एकाच नाट्यगृहात बसले. पक्षापक्षांतले भांडण असे एका रात्रीपुरते का होईना मिटू शकते. भक्तांच्या घरातले भांडण मात्र तसे मिटत नाही. त्यातली चार मते आपण पाहू.

पहिले मत ‘वन्समोअर’विषयी आहे. श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट करावा, बालगंधर्वांनी पद पुन्हा घ्यावे, प्रत्येक वेळी त्यात नवी जागा काढावी, थिरकवाँसाहेबांच्या तबल्याने तिला उठाव द्यावा, आणि पहाट होईतो नाटक चालावे, हे गंधर्वभक्ताचे परमसुख. अशा वेळी एक भक्त म्हणतो की, या सुखात नाटकाचा बळी गेला. रुक्मिणी चिंतेत आहे की आनंदात, हे तिसऱ्या आवर्तनानंतर कोणाच्या ध्यानात राहते? रंगभूमीची बैठक झाली आणि तिला कारण गवई नव्हे, आपण श्रोते. हे मत बोचते ते यामुळेच की त्यातला दोष ऐकणाऱ्याकडे येतो.

दुसरे मत याच्याच पाठीला लागून येते. बालगंधर्वांचे खरे मोठेपण गाण्यात नसून गद्यात आहे, असे ते मत. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले 1919 च्या फेब्रुवारीत. राम गणेश गडकरी त्याच्या आदल्याच महिन्यात वारले होते. त्यातील पदेही गडकऱ्यांची नव्हेत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची. भरजरी शालूंसाठी गाजलेला हा नट सिंधूच्या भूमिकेत ठिगळाचे लुगडे नेसून दळायला बसे, आणि बोडसांच्या सुधाकरासमोर तिचे सोसणे उभे करी. ज्यांना गाणे सर्वस्व वाटते त्यांना हे मत पाखंड वाटते; तथापि गाणे वजा केल्यावरही उरणारा बालगंधर्व किती मोठा आहे हे दाखविणारे मत निंदेचे कसे म्हणावे?

तिसरे मत सर्वांत कटू आहे. पन्नाशी ओलांडल्यावरही त्यांनी स्त्रीभूमिका केल्या, त्या करावयास नको होत्या. 1920 च्या ‘द्रौपदी’च्या थाटामाटापासून मंडळीवर कर्जाचे ओझे वाढत गेले. 1935 मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात त्यांनी एकनाथांची पुरुषभूमिका केली, पण त्या दुनियेत त्यांचे मन रमले नाही आणि ते पुन्हा लुगडे नेसून रंगभूमीवर आले. शरीर सुटलेले, मागणी ओसरलेली. भक्त डोळे मिटून ऐकत व म्हणत, सूर तोच आहे. यावर अल्पमतवाला विचारतो: डोळे मिटावे लागतात, ते कशासाठी?

चौथे मत गोहरबाई कर्नाटकींविषयी. 1938 च्या सुमारास त्या मंडळीत आल्या आणि स्त्रीभूमिका करू लागल्या. बहुसंख्य भक्तांनी बालगंधर्वांच्या उतरत्या काळाचे सारे खापर त्यांच्या माथी फोडले. त्या स्त्री होत्या, शिवाय परधर्मीय. राग धरावयास एवढे पुरे झाले. उलट मत असे की, गंधर्वगायकी त्यांनी मनापासून आत्मसात केली होती, आणि सारे पांगले तेव्हा या थकलेल्या कलावंताचा संसार त्यांनीच सांभाळला. कर्ज त्यांच्या येण्याआधीचे, वयही त्यांनी आणलेले नव्हे. तारखा जुळवून पाहिल्या तर हे मत फारसे खोडता येत नाही. तरीही ते उच्चारणे वर्षानुवर्षे जड गेले.

हा स्वभाव केवळ मराठी रसिकाचा आहे असे कोणी समजू नये. लोखंडावर घण पडावा तशा दणदणीत गिटारींच्या ‘हेवी मेटल’ संगीतात ‘आयर्न मेडन’ हा इंग्रज वाद्यवृंद 1975 पासून आहे. 2008 मध्ये तो मुंबईतही वाजवून गेला. त्याचा लाडका गायक ब्रूस डिकिन्सन 1993 मध्ये सोडून गेला, 1999 मध्ये परतला. मधल्या काळात ब्लेझ बेली गात असे. त्या काळातली 1995 सालची ‘द एक्स फॅक्टर’ ही ध्वनिमुद्रिका उत्तम आहे, असे त्या वृंदाच्या चाहत्यांत कोणी म्हटले की भुवया वर जातात. गाद्या निराळ्या, वारसाहक्काचे तंटे तेच.

अप्रिय मताचा एवढा राग का यावा? आमच्या मते, भक्त कलेइतकाच आपल्या आठवणीवर प्रेम करीत असतो. त्या पदाबरोबर त्याचे तारुण्य, त्याची जागलेली रात्र, शेजारी बसलेले वडील, हे सारे बांधलेले असते. पदात उणे काढले की ते आपल्या आयुष्यात काढले असे त्याला वाटते. हा राग समजण्याजोगा आहे; मात्र त्याला निर्णय म्हणता येणार नाही.

मग निर्णय कसा करावा? तीन गोष्टी पाहाव्यात. बोलणाऱ्याने ऐकले आहे की केवळ ऐकीव बोलतो आहे? तो एखादे पद, एखादा प्रवेश, एखादी जागा दाखवून बोलतो, की मोघम? आणि त्याचे म्हणणे ऐकल्यावर पुन्हा ते गाणे ऐकावेसे वाटते की नाही? तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. निंदा ऐकून आपण तबकडी बाजूला ठेवतो. भक्ताचे अप्रिय मत ऐकून ती पुन्हा लावतो.

बालगंधर्वांच्या बाबतीत याची आज विशेष निकड आहे. त्यांच्या भरातल्या काळाचे साक्षीदार आता उरलेले नाहीत. उरल्या आहेत जेमतेम तीन-तीन मिनिटांच्या बाजू असलेल्या तबकड्या, काही छायाचित्रे आणि पुष्कळशी स्तुती. आपले गंधर्वप्रेम आता कानाने मिळविलेले राहिले नसून वडिलोपार्जित झाले आहे; आणि वडिलोपार्जित जमीन कसली नाही तर तिच्यावर रान माजते, हे आपल्या कोकणात कोणास ठाऊक नाही? आजोबा म्हणाले म्हणून थोर, एवढ्यावर थांबणाऱ्या नातवापेक्षा, तबकडी चार वेळा ऐकून “येथे मला काही कमी वाटते” असे म्हणणारा नातू त्या गळ्याच्या अधिक जवळ आहे. त्याचे मत चुकीचे ठरेलही. ते खोडण्यासाठी तरी आपल्याला पुन्हा ऐकावे लागेल, आणि कलावंत मागे राहतो तो अशाच पुन्हा ऐकण्यात.