विषय क्रमांक 14

नगरपरिषदेच्या फलकावर अजेंडा लागला, तेव्हा मावशी मोबाइल घेऊन माझ्या दारात आल्या. नातवानं त्यांना फोटो काढून दिला होता. "ताई, यात आमचं कुठं आहे तेवढं वाचा." विषय क्रमांक 14. मुख्य रस्ता 'ना-फेरीवाला क्षेत्र' घोषित करण्याबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे. बसस्टँडच्या कोपऱ्यावर बावीस वर्षं मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या बाईचं पोट या एका ओळीवर आलं होतं. सभा कुणालाही ऐकता येते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग तुम्ही चला. मला एकटीला कोण वर सोडतंय?"

अकराची सभा. खाली टोपली सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून तीही ओल्या पोत्याखाली झाकून वर आली. त्या दिवसाचं काहीही आठवलं की आधी तो कोथिंबिरीचा वास येतो.

गणपूर्ती झाली, शोकप्रस्ताव झाला, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, मंजूर. नळजोडणी, पथदिवे, स्मशानभूमीची भिंत. ही लय मला आवडली. निवडणूक होईपर्यंत चार वर्षं इथं प्रशासक होते. सभागृहाचे सगळे अधिकार एका अधिकाऱ्याकडे असायचे आणि ठरावावर सही व्हायची ती बंद दाराआड. आता एकेका दिव्याच्या खांबावरून वीस मिनिटं वाद चालला होता. मला तो वेळ वाया गेलेला वाटला नाही.

चौदावा विषय आला तेव्हा दोन वाजले होते. पहिल्यांदा बोलले ते त्याच रस्त्याकडेच्या प्रभागाचे नगरसेवक. रुग्णवाहिका अडकते, शाळेची मुलं गाड्यांमधून वाट काढतात. खोटं नव्हतं ते. आमच्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ मान हलवत होते. त्यांच्या फाटकासमोरच हातगाडी लागते. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "यांचं बरोबर आहे. पण ती गाडी आमची न्हाई."

मग पहिल्यांदाच निवडून आलेली एक तरुण नगरसेविका उठली. हातात 2014 च्या पथविक्रेता कायद्याची प्रत, पानोपानी खुणा. "अध्यक्ष महोदय, अडीच टक्के. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायचे असं कायदा म्हणतो. आपण चाळीस हजार धरले, तर हजार होतात. आपलं सर्वेक्षण झालंय का? झालं असेल तर यादी टेबलावर ठेवा." यादी आली नाही. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवता येत नाही, हे तिनं कलमासकट वाचलं. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका हव्यात, हेही. समितीचे अध्यक्ष मुख्याधिकारीच असतात. ते फाइल चाळत राहिले, मग म्हणाले, "प्रक्रिया सुरू आहे."

"अडीच टक्के म्हंजे किती?" मावशींनी मला विचारलं. शंभरांत अडीच, मी म्हटलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "मग आमच्या रांगेला जागा हाय की."

त्यांना हे उभं राहून सांगायचं होतं. पण प्रेक्षकांना बोलता येत नाही. फाटकाचं बरोबर आहे आणि ती गाडी आमची नाही, हे दोन्ही त्या खोलीत कळत होतं ते एकट्या मावशींनाच. रस्ता कुठं रुंद आहे, सकाळी नऊला कुठं अडतो, पावसात पाणी कुठं साचतं, हे त्यांच्याइतकं कोणत्याच टिपणीत नव्हतं. त्यांची समिती असती, तर तिथं हे बोलता आलं असतं. ती नीट बसवणं आधी आणि रस्ता मोकळा करणं मग, असा माझा तरी ठाम कौल आहे.

शेवटी विषय पुढच्या सभेपर्यंत स्थगित झाला. समोर सभालिपिक सगळं लिहून घेत होते. पावणेदोन तासांची चर्चा इतिवृत्तात चार ओळींत बसली. मी पाहायला गेले, तर त्यांनी वही फिरवून दाखवली. 'अडीच टक्के' हे शब्द त्यांनी स्वतःहून घातले होते आणि खाली रेघ ओढली होती.

जिना उतरताना मावशींनी पोतं उचलून पाहिलं. पानं माना टाकून होती. तेवढ्या वेळात त्यांचा सकाळचा सगळा धंदा गेला होता. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. फाटकाशी थांबून म्हणाल्या, "ताई, परत वर जाता का? पुढची सभा सोमवारी ठेवू नका म्हणावं. सोमवारी आठवडाबाजार असतो. आमच्यातलं कुणी यायचं न्हाई."

मी परत गेले. तारीख नगराध्यक्ष ठरवतात, सभालिपिक म्हणाले. मग पेन्सिल घेऊन त्यांनी समासात लिहिलं, सोमवार नको.